"12 दिवस नुसतं रिव्हर्स" या रिव्ह्यूला हेवी (ट्रक-डंपर) ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाचं उत्तर

नमस्कार मामा,

तुमचा भाचा तुम्हाला मामा म्हणतो आणि ग्राउंडवर आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो, म्हणून इथेही तसंच लिहितो. त्याला पहिल्याच दिवशी रस्त्याच्या कामाच्या साइटवरून परत पाठवलं हे वाचून वाईट वाटलं. प्यायच्या पाण्याचं आणि सावलीचं तुम्ही लिहिलंत तेही खरं आहे. जारवाला वेळेवर येत नव्हता. त्याबद्दल माफी मागतो.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की, "30 दिवसांच्या हेवीच्या कोर्सात पोराला 12 दिवस एका प्लॉटवर नुसतं मागे-पुढे करायला लावलं, डिझेल वाचवायला. उरलेल्या वेळात ताडपत्री आणि ग्रीस, किन्नरासारखं (गाडीवरच्या क्लीनरसारखं). वर उस्ताद अंगावर ओरडणार." यातलं 'डिझेल वाचवायला' सोडून बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. हा शब्द मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून जरा लांबण लागेल, माफ करा.

रिकामी हायवा (डंपर) तासभर रिव्हर्स आणि पहिल्या गियरवर फिरवली की मीटरवर किलोमीटर दिसत नाहीत, डिझेल मात्र जातंच. क्लच अर्धा दाबून चालवायची नव्या मुलांची सवय असते, त्यात क्लच प्लेट जाते ती वेगळीच. मला खरंच पैसे वाचवायचे असते तर मुलांना सरळ हायवेला चौथ्या-पाचव्या गियरवर फिरवून आणलं असतं. पोरंही खूश, घरचेही खूश.

मग 12 दिवस रिव्हर्स कशाला? तुमच्या भाच्याला जिथून परत पाठवलं, त्याच कामासाठी. दिवाळीनंतर रस्त्यांची कामं जोरात निघतात ती मे संपेपर्यंत. पाऊस लागला की डांबर बंद. या सात-आठ महिन्यांत नव्या ड्रायव्हरला काम मिळतं ते खडी, मुरूम नाहीतर प्लांटवरून डांबराचा माल टाकायचं. गाडी पुढे पळवता सगळ्यांनाच येते. साइटवर बघतात ते पेव्हरला, म्हणजे डांबराचा थर पसरणाऱ्या मशीनला, गाडी कशी लावतो ते. पेव्हरच्या तोंडाशी दोन फिरते रूळ असतात. आपण गाडी मागे घेत न्यायची, फूट-दीड फूट अलीकडे थांबायचं, न्यूट्रल करायचं आणि ब्रेक सोडायचा. पेव्हर स्वतः पुढे येऊन मागच्या टायरना टेकतो आणि गाडीला ढकलत नेतो. आपणच जाऊन त्याला धक्का दिला की मागे पडत असलेल्या थरात आडवा उंचवटा येतो. रोलर कितीही फिरवा, तो पुरता जात नाही. पुढे त्या रस्त्यावरून जाताना तुम्हाला-आम्हाला जे 'धप्प' होतं ना, ते कुणाच्या तरी अशाच धक्क्याचं असतं.

पेव्हर माझ्याकडे नाही. म्हणून दोन ड्रम, त्यावर आडवा बांबू आणि बांबूवर चहाचा रिकामा कागदी कप. गाडी फूटभरावर थांबली पाहिजे आणि कप पडता कामा नये. पडला की परत पहिल्यापासून. भाच्याने पहिल्या दिवशी 17 कप पाडले. हसण्यासारखं काही नाही, मी स्वतः शिकलो तेव्हा कप नव्हता, उस्तादांचा पाय होता.

आता हजेरीचं. सांगणार नव्हतो. पण तुम्ही 12 दिवस लिहिलेत म्हणून सांगतो, रजिस्टरमध्ये त्या 12 पैकी 5 दिवस गैरहजेरीचा लाल शेरा आहे. गणपतीचे दिवस होते, मंडळाचं काम होतं, समजू शकतो, आम्हीही मंडळाचेच कार्यकर्ते. 6.30 ची बॅच असताना 8 ला येणं, हेही चालतं. नियमाने 30 दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवायचे किमान 15 तास लागतात, म्हणून चुकलेले दिवस आम्ही बॅच संपल्यावर जादा पैसे न घेता भरून दिले. तेव्हा तो म्हणाला, "रिव्हर्स येतं मला, रोडवर द्या." आणि आम्ही दिलं. मामा, इथे चूक माझी आहे. फॉर्म 5 वर, म्हणजे शिकून झाल्याच्या सर्टिफिकेटवर, सही माझी असते, मी नाही म्हणायला हवं होतं.

ताडपत्रीचं. प्लांटवरून माल निघतो तेव्हा दीडशे डिग्रीच्या वर गरम असतो. साइट तासाभरावर, त्यात हिवाळ्यातली पहाट. ताडपत्री एका बाजूने उघडी राहिली की त्या कडेचा माल थंड होऊन गोळे धरतो. इंजिनियर थर्मामीटर खुपसतो आणि गाडी परत. खेप गेली, भाडं गेलं, बोलणी ड्रायव्हरला. ताडपत्री, मागच्या फाळक्याची कडी, हौदा उचलणाऱ्या जॅकचं ग्रीस हे किन्नराचं काम म्हणून सोडून देणारा ड्रायव्हर मी तरी दुसऱ्या खेपेला बोलावलेला पाहिला नाही. आता पुष्कळ मालक किन्नर देतच नाहीत, हेही खरं. वजनाचंही तेच. दहा टायरच्या गाडीला मालासकट 28.5 टन, त्यावर गेलं की 20,000 रुपये दंड आणि जादा टनाला 2,000. हे वर्गात सांगितलं तेव्हा भाचा मोबाइलवर होता. असो.

उस्ताद ओरडले, हो. का ते भाच्याने तुम्हाला सांगितलं नसावं. गाडीमागे आमचाच एक मुलगा बांबू सरळ करत होता आणि भाच्याने आरशात न बघता रिव्हर्स टाकला. ड्युअल कंट्रोल होतं, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक होता, म्हणून उस्तादांनी ब्रेक दाबला. मागचा माणूस आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबली पाहिजे, एवढं एकच वाक्य ते दिवसातून पन्नासदा सांगतात. साइटवर मजुरांची लहान मुलं टायरच्या सावलीला येऊन बसतात, मामा. शब्द जरा जड गेले असतील, त्यांना सांगितलंय.

रोडवर फिरवलंच नाही असंही लिहिलंत. खंबाटकी घाटात दोनदा नेलं, आणि कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडचा उतार गियरमध्ये कसा उतरायचा ते मी स्वतः शेजारी बसून दाखवलं. तिथे न्यूट्रल करणाऱ्यांचे कसे अपघात झाले ते सगळ्यांना माहीत आहे. सातारा-कागल हायवेच्या कामावर रात्री लेन अचानक कुठे वळवलेली असते तेही दाखवलं. हे रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुमचा रिव्ह्यू आता सगळ्यात वर दिसतो. सीझनची बॅच भरायची हीच वेळ, आणि दोघांनी ॲडव्हान्स परत मागितला. मी दिला. गाडीचा हप्ता कुणाला चुकलाय.

ग्राउंडवर शेड टाकायचं बघतो आहोत, पाण्याचा जारवाला बदललाय, आणि कुठल्या दिवशी काय शिकवणार त्याचा बोर्डही लावायचा विचार आहे.

भाच्याला पुढच्या सोमवारपासून चार दिवस पाठवा, फी नाही. फक्त ड्रम, बांबू आणि कप. 6.30 म्हणजे 6.30, आणि चप्पल नको, बूट घालून.