आपली आपणच काढावी

रात्री कूलर सुरू झाला, घरातले घोरायला लागले, की स्वतःची लाज काढायची तुमची ड्युटी लागते. दिवसभर साहेबानं, सासुरवाडीनं, पार्किंगवाल्यानं तुमची काढलेली असतेच, पण बाहेरची माणसं कामचुकार. थकतात, विसरतात. दहावीत गणितात तुम्हाला किती पडले होते, हे आज तुमच्याशिवाय कोणाच्या ध्यानात आहे?

काढताना 'मी' सोडू नये. "मी निरा बावळट आहो," असं ठणकावून. ईथन क्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलंय की ताणाच्या वेळी स्वतःशी नाव घेऊन बोललं, तर माणूस स्वतःकडे जरा लांबून बघतो आणि घाबरणं कमी होतं. म्हणजे "संजय, उद्या जमून जाईल बे" असं चुकून निघून गेलं, तर झोप लागायचा धोका आहे.

पुरावा तर मागूच नये. समजा, सकाळी लिफ्टमध्ये तुम्ही साहेबांना नमस्कार केला आणि ते नुसतं "हं" करून छताकडे बघत राहिले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत नोकरी गेली असं ठरवून टाका. साहेबांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, तोंड उघडलं असतं तर तुमच्या शर्टाचं काही खरं नव्हतं, असल्या तपशिलात शिरू नका. अॅरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात हाच घोळ घातला. असे विचार आपोआप येतात, आले म्हणून खरे ठरत नाहीत, म्हणे. कागदावर उतरवा, बाजूनं काय, विरुद्ध काय, ते बघा. इतका हिशेब करायचा तर माणसानं स्वतःला शिव्या कधी घालायच्या?

दोस्ताची गोष्ट वेगळी. त्याचा इंटरव्ह्यू बिघडला की त्याला तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर न्यावं, "जाऊ दे ना बे, होते कधी कधी" म्हणावं, वरून तर्री मागून द्यावी. आपला बिघडला की आरशात बघून, "तुले आजवर जमलं काय?" हे वाक्य दोस्ताला ऐकवून पाहू नका, तर्री अंगावर येईल. दोस्ताशी वागतो तसंच स्वतःशी वागावं, असं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ २००३ पासून सांगताहेत. पण लाडानं माणूस बिघडतो, हे आपल्याला घरूनच पाठ. २०१२ साली ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या एका प्रयोगात आधी आपटलेल्या विद्यार्थ्यांना स्वतःशी मायेनं वागायला सुचवलं, तर त्यांनी पुढच्या परीक्षेचा अभ्यास जास्त वेळ केला. हे आईबाबांना कळू देऊ नका. टोमण्यांतली पिढ्यान्‌पिढ्यांची गुंतवणूक बुडेल.

(रात्रीमागून रात्र डोळा लागत नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही. एवढं एक उपरोधात धरू नका, लावाच.)

राहता राहिली मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत काळी-पिवळी मारबतीचे पुतळे मिरवणुकीनं निघतात आणि रोगराईपासून महागाईपर्यंत सगळ्याच्या नावानं अख्खं शहर "घेऊन जा गे मारबत" ओरडतं. त्या यादीत आपल्या डोक्यातला आवाज घालायचा मोह तुम्हालाही होईल. आवरा. आणि ओरडलातच, तर लगेच तपासा: आवाज फाटला का? बाजूचा का हसला? पुढच्या पोळ्यापर्यंत सहज पुरेल.