सिस्टर, टोपण लावायला विसरू नका!

वॉर्डात नव्यानेच रुजू झालात ना? मग प्रशिक्षणात शिकवलेलं आधी विसरा. तिथे म्हणे वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. हे सांगणाऱ्यांना साठ पेशंट आणि दोन सिस्टर अशी नाइट कधी लागली नसावी. तुम्ही टोपण लावाच. डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सुई, मान मागे वळवून नातेवाइकाला 'डॉक्टर राउंडला आले की विचारा' असं सांगायचं आणि नेम धरायचा. चुकला तर बोट आहेच.

टोचलं की ब्र काढायचा नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा, लगेच कळवा, असा तक्ता भिंतीवर असतो, पण तो पाहुण्यांसाठी. आपण बोट तोंडात घालून चोखावं. तक्त्यात ते करू नका म्हटलंय, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. त्या दोन तासांत इंजेक्शनांचे दोन राउंड होतात! शिवाय कळवलं की फॉर्म भरा, पेशंटचं रक्त पाठवा आणि वर मेट्रनबाईंचं 'तुझंच लक्ष कुठे होतं?' ऐका.

धीर हवाच असेल तर एचआयव्हीचा आकडा धरून बसा: बाधित पेशंटची सुई टोचलेल्या हजारात तिघांनाच लागण. हेपॅटायटिस बी लस न घेतलेल्याला शंभरात तीसपर्यंत गाठतो, पण तो विषय काढूच नका. लशीचे तीन डोस असतात. पहिला रुजू होताना झाला, दुसऱ्याच्या दिवशी ड्युटी बदलली, तिसरा राहिलाच. झालं की!

टीबी वॉर्डातल्या एन-९५ मास्कचीही काळजी नको. ते कपाटात सुरक्षित आहेत, किल्ली इन्चार्ज सिस्टरांकडे आणि त्या रजेवर. मारहाणीचं म्हणाल, तर राज्यात २०१० पासून कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कॅज्युअल्टीच्या दारावर तशी पाटीही आहे. अंगावर खुर्ची आली की ती वाचायला सांगा.

आता त्या सुईचं काय करायचं ते बघा. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम म्हणतात, सुया पांढऱ्या, आरपार न टोचणाऱ्या डब्यात टाका. डबा चार खाटा सोडून, पिवळी पिशवी हाताशी. टाका पिशवीत, टोपण लावलंय ना! ते रात्रीत कधीतरी निसटतं. सकाळी मावशी पिशवी उचलतात, पायाला घासत जिन्याने खाली नेतात आणि दुसऱ्या मजल्यावर 'आई गं' म्हणून थांबतात. साडीवर ठिपका एवढासाच, म्हणून परत चालू लागतात. सुई कोणत्या खाटेवरच्या पेशंटची, हे आता कोणाचा बाप सांगणार?

रुग्णालयाने आपल्या कामगारांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, वर्षातून एकदा तपासणी करावी, असं त्याच नियमांत आहे. पण मावशी पडल्या ठेकेदाराच्या. त्यांचं नाव आपल्या रजिस्टरात नाही, म्हणजे अपघातही नाही. तेव्हा वार्षिक अहवालात अपघातांच्या रकान्यात बिनधास्त 'निरंक' लिहा, शिक्का मारा आणि एक प्रत फायलीला लावा.