हौदाला पोहता येते

घर पाहायला गेलो तेव्हा मागील दारी ताडपत्रीखाली झाकलेला एक मोठा आयत होता. घर दाखवणाऱ्या मध्यस्थाने त्याच्याकडे हात करून, "हा स्विमिंग पूल, थोडी साफसफाई केली की झाले," असे एका श्वासात सांगितले आणि लगेच आम्हाला वरच्या मजल्यावरची कपाटे दाखवायला नेले. कपाटांवर त्याने पंधरा मिनिटे घालवली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण स्वतःच्या अंगणात स्वतःचा जलतरण तलाव ही कल्पनाच अशी आहे की ती डोक्यात शिरली की बाकीची बुद्धी काठावर जाऊन बसते. मला स्वतःला पोहता येत नाही, ही बाब त्या दिवशी अगदीच किरकोळ वाटली.

आईला फोनवर "घरामागे पूल आहे" असे सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे नदी असणार. पावसाळ्यात पाणी घरात शिरत नाही ना, ते विचारून घे." गैरसमज दूर झाल्यावर तिने त्याला हौद म्हणायला सुरुवात केली आणि ताडपत्री निघाल्यावर आम्हा सर्वांनाच तो शब्द अधिक प्रामाणिक वाटला.

ताडपत्रीखालचे पाणी हिरवे होते. काठालगत शेवाळाची जाड साय धरली होती आणि ती बांबूने बाजूला सारून बांबू खाली सोडला, तर हातभर आत जाताच त्याचे टोक दिसेनासे झाले. पृष्ठभागाला शेपटी लावून डासांच्या अळ्या उलट्या लटकत होत्या. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आम्ही खरेदीच्या कागदांवर सह्या करीत होतो तेवढ्या काळात त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी आमच्या मालमत्तेचा निर्वेध उपभोग घेतला असणार. एका कोपऱ्यात एक पोक्त बेडूक बसला होता. त्याने माझ्याकडे, भाडेकरूने नव्या घरमालकाकडे पाहावे, तसे पाहिले.

पहिले चार दिवस लांब दांड्याच्या जाळीने कुजलेली पाने काढण्यात गेले. पाने वर आली की काळा गाळ ढवळून निघे आणि आपण काय काढले यापेक्षा आपण काय उठवले याचीच जास्त काळजी वाटे. चौथ्या दिवशी खोल टोकाला जाळी कशाला तरी अडली. दोघांनी जोर लावून ती वस्तू बाहेर ओढली तेव्हा ती प्लास्टिकची एक धडधाकट खुर्ची निघाली. ती तळाशी नीट चारी पायांवर उभी होती आणि पाण्याखाली तिच्यावर कोण बसत असावे, हा विषय आम्ही रात्री मुलीसमोर काढायचा नाही असे ठरवले. आईने मात्र ती घासून स्वच्छ केली, काठावर ठेवली आणि पुढच्या सगळ्या कामाची देखरेख तिच्यावर बसूनच केली.

माझा मनसुबा सोपा होता. घाण पाणी सगळे उपसायचे, हौद घासायचा, ताजे पाणी भरायचे. पंप तपासायला आलेल्या मिस्त्रींना मी हे सांगितले, तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "अहो साहेब, भलतेच करू नका. सगळे पाणी काढलेत आणि खालच्या जमिनीत पाणी वर आलेले असले, तर हा अख्खा हौद उचलला जाईल." मला वाटले, ते गंमत करीत आहेत. पण हिशेब सरळ आहे. आमचा हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे त्यात ४८,००० लिटर, अर्थात ४८ टन पाणी. ते वजन आतून दाबून धरते म्हणून तो जागेवर असतो. ते काढून घेतले की भोवतालचे भूजल त्याला खालून रेटते आणि काँक्रीटचा असूनही तो होडीसारखा वर येऊ शकतो, भिंतींना तडे जातात ते वेगळेच. थोडक्यात, आमच्या घरात मला पोहता येत नव्हते. हौदाला येत होते.

मग पाणी अर्धे तरी का बदलावे लागले, त्याची कथा एका काळ्या ठिपक्यात आहे. क्लोरीन उन्हात टिकत नाही, म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल घालतात. या व्यवसायातले लोक त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षे तरंगत्या डबीत क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या होत्या आणि या गोळ्यांमध्ये स्टॅबिलायझर अंगभूतच असतो. क्लोरीन काम करून संपतो, स्टॅबिलायझर मात्र कामावरून निवृत्त होऊनही कचेरीत येणाऱ्या गृहस्थासारखा तिथेच बसून राहतो. त्याचे बाष्पीभवन होत नाही. तो फार साठला की क्लोरीनला इतका जपतो की क्लोरीनला काही करूच देत नाही. तो मोजण्यासाठी एका अरुंद नळीत पाणी आणि एक द्रावण यांचे गढूळ मिश्रण हळूहळू ओततात आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की थांबतात. मी पाणी आधी गाळून घेतले, त्यात तेवढेच नळाचे पाणी मिसळले, नळी कमरेच्या उंचीवर धरली, एक डोळा मिटला आणि ओतू लागलो. ठिपका ७५ च्या रेघेवर दिसेनासा झाला. पाणी निम्मे नळाचे, म्हणजे खरा आकडा १५० पीपीएम, अर्थात दहा लाख भाग पाण्यात १५० भाग. असायला हवा ३० ते ५०.

निम्मे पाणी काढून निम्मे भरले की १५० चे ७५ होतात आणि पुन्हा तसेच केले की सुमारे ३८. त्यामुळे हौद कधीच अर्ध्याहून रिकामा न करता आम्ही हा उपद्व्याप दोनदा केला आणि शेवटी भरले तेवढेच ४८,००० लिटर पाणी बाहेर गेले. यातले काही शेजारच्या काकांच्या वाफ्यांत गेले. फिल्टरच्या डोक्यावर एक दांडा असतो. तो फिरवला की पाणी गाळले जाते, उलट्या प्रवाहाने फिल्टर धुतला जातो किंवा पाणी थेट बाहेर सोडले जाते. मी तो थेट बाहेर सोडण्याच्या खुणेवर ठेवून दोन मिनिटांसाठी आत गेलो आणि पाऊण तासाने काकांच्या हाकेने बाहेर आलो. तेव्हा ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून उभे होते. "तुमचे पाणी आमच्याकडे आले आहे," एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून ते मला पाण्यात पाहतात आणि त्याला निदान शब्दशः आधार तरी आहे.

पंपाबद्दल फार लिहीत नाही, कारण ती आठवण अजून ताजी आहे. तो गुरगुरत असे पण फिरत नसे. फिरू लागला तेव्हा पाणी ओढीना. त्याच्या जाळीच्या भांड्यात मगाने पाणी भरून झाकण घट्ट लावायचे, मग तो पाणी धरतो. मी तसे अकरा वेळा केले. झाकणाखालचे रबरी कडे चिरलेले होते आणि तिथून तो पाण्याऐवजी हवा पीत होता, हे बाराव्या वेळी कळले. फिल्टरमधली वाळूही बदलावी लागली. ही वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या कणांची लागते आणि ती ओतण्याआधी टाकी निम्मी पाण्याने भरायची असते, नाहीतर वाळूच्या माऱ्याने तळाच्या नाजूक नळ्या मोडतात. हे मला वेळेवर समजले. या सबंध प्रकरणात वेळेवर समजलेली ही एकमेव गोष्ट असल्याने मुद्दाम नोंदवतो.

यानंतर आमच्या घरात सामूचा प्रवेश झाला. शाळेत पीएचला सामू म्हणत, ते मी कटाक्षाने चालू ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा नमुना घेऊन "सामू चढला आहे", "सामू काल बरा होता, आज पुन्हा बिघडला" अशी वार्तापत्रे प्रसृत करू लागलो. तिसऱ्या दिवशी आईने विचारले, "हा सामू कोण? रोज चढलेला असतो, तर त्याला कामावर ठेवलास कशाला?" सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान लागतो. तो ७.५ असेल तर क्लोरीनचा जंतुनाशक अंश सुमारे निम्मा असतो आणि ८ वर गेला की जेमतेम पाव उरतो, म्हणून त्याला आम्ल घालून खाली आणावे लागते. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही, हे मी आईला इतक्या वेळा समजावले की शेवटी ती म्हणाली, "मी खुर्चीतून उठलेले नाही रे, स्वतःलाच सांग."

खरा हल्ला सूर्यास्तानंतर करायचा होता, कारण दिवसा टाकलेल्या क्लोरीनवर ऊन हात मारते. स्टॅबिलायझरच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे १५ पीपीएम, एवढी क्लोरीनची पातळी गाठायची आणि शेवाळ मरेपर्यंत ती खाली येऊ द्यायची नाही. मी कॅनमधला द्रवरूप क्लोरीन काठाकाठाने फिरत ओतला. माझ्या आवडत्या निळ्या पँटवर त्या रात्री जे पांढरे शिंतोडे उमटले, तेवढाच काय तो पहिल्या दिवसाचा डोळ्यांना दिसणारा परिणाम. दुसऱ्या दिवशी काका कुंपणापाशी नाकाला रुमाल लावून उभे होते. "क्लोरीन फार झाला हो तुमचा, इथवर वास येतो." वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. तो उग्र वास क्लोरीन घाणीशी भिडून जे संयुग होते त्याचा असतो आणि त्यावरचा उपाय आणखी क्लोरीन हाच आहे. पण ज्यांच्या वाफ्यांत आपले शेवाळ वाळत आहे त्यांना रसायनशास्त्र शिकवू नये, एवढे तारतम्य माझ्यात उरले होते.

मोजणी थेंबांनी होते. नमुन्यात चिमूटभर पूड टाकली की पाणी गुलाबी होते, मग रंग जाईपर्यंत थेंब टाकायचे. दर थेंबाला अर्धा पीपीएम. मी दर काही तासांनी काठावर उकिडवा बसून तीस-तीस थेंब मोजत असे आणि मधेच कोणी बोलले की आकडा विसरत असे. थेंबे थेंबे तळे साचते, हे ऐकून होतो. तळे आधीच साचलेले असताना ते थेंबे थेंबे मोजत बसण्याविषयी पूर्वजांनी काही सांगून ठेवलेले नाही.

तिसऱ्या सकाळी हिरवा रंग गेला आणि त्या जागी दुधाळ करडा आला. पत्नी म्हणाली, "आधी निदान रंग तरी होता." ते मेलेले शेवाळ होते. पुढचे नऊ दिवस भिंती ब्रशने घासणे, फिल्टर चालवणे आणि त्याचा दाब चढला की तो उलटा धुणे एवढेच आयुष्य होते. दहाव्या दिवशी उथळ टोकाची पहिली फरशी दिसली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत खोल टोकाला चार पायांचे चार फिकट डाग दिसले, जिथे खुर्ची उभी होती. सर्वांनी ते बराच वेळ न बोलता पाहिले.

त्याच आठवड्यात पाण्याची पातळी रोज उतरू लागली. पाणी नेमके कुठे मुरते आहे, हे शोधायला आधी बादली लागते. बादलीत पाणी भरून ती हौदाच्या पायरीवर अशी ठेवायची की आतले आणि बाहेरचे पाणी एका रेषेत येईल, आणि २४ तासांनी दोन्ही मोजायची. बादली ५ मिलिमीटर उतरली, ती उन्हाची करामत. हौद १२ उतरला. फरक ७ मिलिमीटर, म्हणजे दिवसाला २२४ लिटर. संशय पाने ओढून घेणाऱ्या तोंडावर होता, कारण तिथे प्लास्टिक आणि काँक्रीट यांचा सांधा असतो आणि दोघांचे फारसे जमत नाही. तपासणीसाठी पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर, सांध्याजवळ पिचकारीने रंगाचा एक थेंब सोडायचा असतो. आणि त्यासाठी कोणीतरी पाण्यात उतरायचे असते.

अशा रीतीने माझ्या तलावात मी पहिल्यांदा उतरलो तो उथळ टोकाला, छातीभर पाण्यात, एका हाताने काठ घट्ट धरून आणि दुसऱ्या हातात बिनसुईची इंजेक्शनची पिचकारी घेऊन. श्वास रोखून लाल रंग सोडला. तो क्षणभर धाग्यासारखा तरंगत राहिला, मग वळला आणि केसाएवढ्या एका चिरेत सुतासारखा सरळ ओढला गेला. मी एवढ्याने ओरडलो की काका कुंपणापाशी आले. चीर पाण्याखाली बसणाऱ्या लांबीने बुजवली. दुसऱ्या दिवशी बादली आणि हौद दोन्ही सारखेच उतरले.

आता पत्नी आणि मुलगी खोल टोकाला पोहत असतात आणि मी दुसऱ्या पायरीवर नळ्या घेऊन बसलेला असतो. आईने कालच खुर्ची पाण्याच्या अगदी कडेला आणून ठेवली.

"सामू कसा आहे?" तिने विचारले.

"७.४," मी म्हणालो.

"मग बरा आहे," ती म्हणाली आणि तिने पाय पाण्यात सोडले.