‘पोपटपंची’ या शब्दाबद्दल

नमस्कार,

मोठ्या गुणाकारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न घालता लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. रागाच्या भरात काही वेडंवाकडं लिहिलं जाऊ नये म्हणून एक रात्र थांबले. तुमचे आक्षेप असे: नऊच्या ताळ्याबद्दल, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून उत्तर पडताळण्याच्या रीतीबद्दल, मी चुकीचं लिहिलं, गणितज्ञ कारात्सुबांच्या जलद गुणाकाराच्या पद्धतीचा उल्लेखही केला नाही, फोन हातात असताना या खटाटोपाची गरज नाही. आणि शेवटचं वाक्य, ‘मॅडम, कागदावर मोठे गुणाकार करणं ही निव्वळ पोपटपंची, त्यात डोकं लागत नाही.’

ताळ्याचं तुमचं बरोबर आहे. ‘ताळा जुळला की उत्तर बरोबर’ असं मी लिहिलं होतं, ते चूक. 4738 गुणिले 596 याचं उत्तर 28,23,848. घाईत कुणी 28,32,848 लिहिलं तरी अंकांची बेरीज 35 च राहते आणि नऊचा ताळा बिनबोभाट जुळतो. अकराचा ताळा ही अदलाबदल पकडतो: 11 ने भागलं की खऱ्या उत्तराची बाकी 5 येते, चुकीच्याची 7. लेखातलं वाक्य मी बदललं आहे. हे साध्या शब्दांत सांगितलं असतंत तर आभारच मानले असते.

पण ‘पोपटपंची’? पोपटाला आपण काय बोलतोय ते कळत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी शिकवत आले ते सगळं न कळता केलं, आणि माझ्यापुढे वही उघडून बसलेल्या मुलांनीही न कळताच गिरवलं, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? कुणाच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल इतक्या सहज असं बोलवतं तरी कसं? ‘मॅडम’ म्हटल्याने असलं वाक्य सभ्य होत नाही.

माझाच अनुभव सांगते. दहावीनंतरच्या सुट्टीत पाय प्लास्टरमध्ये होता आणि वाचताना गणितज्ञ कोल यांच्या गुणाकाराची गोष्ट हाती लागली. 2 चा 67 वा घात वजा 1 ही संख्या मूळ नाही, हे गणितज्ञ लुकास यांनी 1876 साली दाखवलं होतं, पण तिचे अवयव कुणाला सापडले नव्हते. ते 1903 साली फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287. मी ठरवलं, हा गुणाकार आपण करायचा. चौकटीच्या वहीचं पान आडवं धरलं आणि बसले.

पहिली गोष्ट काय दिसली असेल? गुणकात नऊ अंक, म्हणजे नऊ ओळी. पण नीट पाहिलं तर 7 तीनदा आहे आणि 1 दोनदा. सातची ओळ एकदाच काढायची, 53,32,86,78,01,009, आणि ती तीन ठिकाणी आपापल्या जागी सरकवून उतरवायची. एकला तर गुणायचंच नाही. खरं गुणायचं ते फक्त 9, 7, 3 आणि 2 ने. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हात चालवण्याआधी थांबून गुणकाकडे पाहिलं म्हणून ते दिसलं. पोपट असं थांबून पाहतो का?

आणि माझी चूक झालीच. गुणकातल्या शून्याची ओळ लिहायची नाही हे लक्षात होतं, पण तिची जागा सोडायची राहिली. पुढच्या चारही ओळी एकेक घर उजवीकडे बसल्या. नऊचा ताळा घेतला, तो जुळला! उत्तर मात्र वीस आकडी, आणि यायला हवं एकवीस आकडी. दोन दिवस मी हातचे तपासत राहिले, हातचे सगळे बरोबर होते. तिसऱ्या दिवशी पेन्सिलने उभ्या रेघा मारल्या तेव्हा ती रिकामी जागा सापडली. शून्याने गुणलं की काही उरत नाही, पण शून्याचं घर उरतं, हे त्या दिवशी जे समजलं ते शाळेत दहा वर्षं ऐकून समजलं नव्हतं. आजही रिकाम्या घरात मुलाची फुली लिहायची राहिली, तर मी उत्तर खोडत नाही. ‘ही ओळ कितीची?’ एवढंच विचारते. 4738 ला 596 मधल्या 9 ने गुणताना ती ओळ नऊची नसून नव्वदाची आहे, हे मूल स्वतः म्हणतं तेव्हा त्याला फुली सांगावी लागत नाही.

तुम्ही म्हणता, डोकं लागत नाही. तुम्ही शेवटचा असा गुणाकार केव्हा केलात? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

कारात्सुबांची 1960 सालची पद्धत खूप लांबलचक संख्यांसाठी आहे, चार आकडी गुणाकारात कागदावर तिने हाती फारसं काही लागत नाही. लेखाचा तो विषयच नव्हता. फोनबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझ्याकडेही आहे.

कोल यांच्या दोन्ही संख्या वर दिल्या आहेत. एकदा करून पाहा, शून्याची जागा सोडा. उत्तर 147573952589676412927 यायला हवं. मग जे म्हणायचं ते जरूर म्हणा, फक्त खाली नाव घाला.