मी फक्त उभा राहतोय

चाकं जमिनीला टेकली, ब्रेकचा तो घरघराट सुरू झाला आणि माझ्या शेजारचे गृहस्थ उठले. मी कडेच्या सीटवर, ते मधल्या. माझे गुडघे ओलांडून त्यांनी मधल्या वाटेत पाय ठेवला, वरचा कप्पा उघडला आणि त्यांची ट्रॉली बॅग चाकांसकट माझ्या उजव्या खांद्यावर आली. मी कळवळलो. गृहस्थ वाकले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "लागलं नाही ना कुठे?"

"थोडं लागलं," मी म्हणालो.

त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते बॅगेचं चाक बोटाने फिरवून बघत होते. "नाही, फिरतंय," असं म्हणून त्यांनी मलाच धीर दिला.

खांदा अजून ठणकतोय, त्यामुळे पुढच्या मजकुरात कुणाला सूडबुद्धी दिसली तर ती बरोबरच दिसतेय.

आमची रांग शेवटून दुसरी होती, हे सांगायला हवं. पुढे दीडएकशे माणसं. म्हणजे उभं राहून गृहस्थ नेमके कुणाच्या पुढे जाणार होते? माझ्या. फक्त माझ्या. आणि मी तर बसलेलोच होतो.

हवाई सुंदरी आमच्या मागेच, तिच्या घडीच्या खुर्चीत पट्टे बांधून बसली होती. विमान थांबेपर्यंत तिलाही उठायची मुभा नसते. तिने तिथूनच हाक दिली, "सर, प्लीज बसून घ्या. विमान अजून थांबलेलं नाही."

"मी कुठे म्हणतोय थांबलंय?" गृहस्थ म्हणाले. "मी फक्त उभा राहतोय."

"सर, बसा."

"आत्तापर्यंत बसूनच आलोय की मॅडम."

"सर, तुमच्या सुरक्षिततेसाठी सांगतेय."

"माझी काळजी करू नका. मला सवय आहे."

सवय कसली? चालत्या विमानात उभं राहायची! तेवढ्यात विमान वळलं. गृहस्थ कलंडले आणि माझ्या सीटच्या हातावर टेकले. बॅग माझ्या मांडीवर. "हे बघा, बसलो," त्यांनी मागे वळून जाहीर केलं. मग स्पीकरवरून सूचना आली की मागच्या बाजूच्या प्रवाशांनी कृपया जागेवर बसावं. सगळ्या माना वळल्या. गृहस्थांनीही वळून माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर सौम्य नापसंती. मांडीवर बॅग घेऊन बसलेला मीच. आता काय सांगणार?

खरं तर माणूस वाईट नव्हता. सुरुवातीला सुरक्षेची प्रात्यक्षिकं चालू असताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण मास्कचं ऐकू आलं तेव्हा एक डोळा उघडून म्हणाले, "मी आधी तुम्हालाच लावीन हो." मी म्हटलं, नको, आधी स्वतःला लावायचा. पस्तीस हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला तर माणूस मिनिटभरसुद्धा धड शुद्धीवर राहत नाही. मला मास्क लावता लावता तुम्हीच आडवे झालात तर तुम्हाला कोण लावणार? "एवढा स्वार्थी नाही मी," ते दुखावून म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळा मिटला. ज्या माणसाने मला प्राणवायू देऊ केला, त्यानेच माझ्यावर बॅग टाकली.

पट्ट्याचंही तेच. त्यांनी दोन्ही टोकं पोटावर नुसती ठेवली होती आणि वर जॅकेट. "विमान पडलं तर पट्टा काय करणार?" हा त्यांचा सिद्धांत. हा सिद्धांत मी इतक्या लोकांकडून ऐकलाय की आता हात शिवशिवतात. अहो, पट्टा विमान पडण्यासाठी नसतोच, तुम्ही पडू नये म्हणून असतो! लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान २१ मे २०२४ रोजी म्यानमारच्या आकाशात हवेच्या उसळीत सापडलं. पाच सेकंदांच्या आत १७८ फूट खाली. पट्टा न बांधलेली माणसं उचलली जाऊन वरच्या छताला आपटली. एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले. आणि विमान? ते बँकॉकला नीट उतरलं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ते मोठं विमान होतं."

या वाक्यावर मी अजून विचार करतोय.

आणि बॅगेचं म्हणाल, तर २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पण पेटलेल्या मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ लोक बाहेर आले. आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते, आत धूर भरत होता, आणि लोकांनी सामान वरच सोडलं. मागे विमानाचा कोळसा झाला. नवं मोठं विमान वापरात आणण्याआधी निम्म्याच दरवाज्यांतून सगळ्यांना ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावं लागतं. त्या चाचणीत कुणी "थांबा हो, माझा चार्जर राहिला" म्हणत कप्प्यात हात घालत नाही. खऱ्या विमानात आमचे गृहस्थ असतात. त्यांच्या चाकावाल्या बॅगेने दारातून खाली उतरायच्या हवा भरलेल्या घसरगुंडीला भोक पाडलं तर मागच्यांनी काय करायचं?

पण सगळा राग एकट्या त्यांच्यावर काढणंही बरोबर नाही. खाली टाकायच्या सामानाचे वेगळे पैसे घ्यायचे, म्हणजे लोक अख्खं कपाट केबिनमध्ये घेऊन चढणार. मग कप्पे भरले म्हणून तणतण करायची ती त्या बिचाऱ्या मुलींनी. तिकिटावर हसरा चेहरा कंपनीचा आणि "बसून घ्या सर" म्हणत घसा कोरडा करायचा यांनी. पैसे वाचवायचं डोकं ज्याचं, त्याला एकदा त्या घडीच्या खुर्चीत बसवायला हवं, आमच्या रांगेच्या मागे.

उतरताना कप्पे आपोआप कुलूपबंद व्हावेत, अशी एक सूचना या क्षेत्रातल्या जाणकारांनी केलेली आहे. वाचून मी हुरळलो. पुढे त्यावरचा आक्षेपही वाचला: कप्पा उघडत नाही म्हटल्यावर लोक तो ओढत तिथेच उभे राहतील आणि वाट आणखी तुंबेल. मी गृहस्थांना डोळ्यांसमोर आणलं. केबिनभर धूर, लोक रांगत दरवाज्याकडे निघालेत, आणि हे एक पाय माझ्या सीटवर ठेवून, वरचं बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावतायत, "मॅडम, याची किल्ली कुणाकडे असते?"