‘पदवी नसेल तर नकाशाला हात लावू नका’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

कुठल्याही शहराची विकास योजना (म्हणजे डीपी, कुठे रस्ते, कुठे मैदानं, कुठे घरं हे ठरवणारा आराखडा) जाहीर झाली, की एक ठरावीक पोस्ट गटागटांत फिरू लागते. लांबलचक आहे, पण सार एवढंच: नगररचना हे डॉक्टरकीसारखं शास्त्र आहे. पदवी नसलेल्या नगरसेवकांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी आणि हरकती घेत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यात लुडबुड करू नये. त्यांना प्रशिक्षण देणं म्हणजे सरकारी खर्चाने सहल. चांगली शिकलेली माणसंही ती पुढे ढकलतात, म्हणून हे उत्तर.

‘नकाशा तज्ज्ञांनी करावा, बाकीच्यांनी गप्प बसावं.’ मुंबईचा २०१५चा प्रारूप (कच्चा) आराखडा तज्ज्ञांनीच केला होता. सल्लागार कंपनी वगैरे सगळा जामानिमा होता. फेब्रुवारीत तो जाहीर झाला, लोकांनी आपापल्या गल्लीवर बोट ठेवून पाहिलं, तर कुठे उभ्या इमारतींवरून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तूची नोंदच नाही. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना आराखडा नव्याने करायला सांगावं लागलं. चुका दाखवणाऱ्यांत वास्तुविशारद होते, तशा सोसायट्या आणि वस्त्यांमधले गटही होते. आपल्या दारातला रस्ता किती रुंद आहे, हे सांगायला पदवी लागत नाही.

कायदाही गप्प बसा म्हणत नाही. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियमात हरकती ऐकायला नियोजन समिती आहे: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. या जाणकारांकडे विषयाचं विशेष ज्ञान ‘किंवा’ प्रत्यक्ष अनुभव असावा, एवढीच अट. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या, त्या अशाच समितीपुढे गेल्या.

‘डॉक्टरसारखी पदवी सक्तीची करा.’ जरूर करा, पण आधी कोणाला? डॉक्टरांवर वैधानिक परिषद आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२चा कायदा आहे. नगर नियोजकांसाठी तशी वैधानिक परिषदच नाही. ती असावी अशी शिफारस नीती आयोगाने २०२१च्या अहवालात केली. त्याच अहवालानुसार देशाला १२ हजारांहून जास्त नगर नियोजक लागतात, मंजूर पदं चार हजारांच्या आत आणि त्यातली निम्मी रिकामी. वर अनेक राज्यांत या पदासाठी नियोजनाची पदवी अनिवार्यच नाही! तेव्हा पदवीची मागणी घेऊन जायचंच असेल, तर नगरसेवकाच्या दारी जाण्याआधी नगररचना कार्यालयाच्या भरती नियमांकडे जा.

‘प्रशिक्षण म्हणजे सहल.’ हा टोला मात्र बसतो. अभ्यास दौरा या नावाखाली काय काय चालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे: बस, हॉटेल, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, आणि डीपीचं एक पानही न उलगडता परत. पण औषध चुकीचं दिलं म्हणून औषधच नको, हा कुठला न्याय? न्यूयॉर्क राज्यात गावोगावच्या नियोजन मंडळांवर साधे नागरिक बसतात. २००७पासून त्यांना वर्षाला चार तास प्रशिक्षण सक्तीचं आहे. जादा तास पुढच्या वर्षी धरले जातात. प्रशिक्षण पुरं नसेल तर फेरनियुक्ती नाही, मात्र तेवढ्यावरून मंडळाचे निर्णय रद्द होत नाहीत. पदवीची अट नाही.

चार तासांत काय शिकवायचं? टेबलावर आपल्याच प्रभागाचा भाग नकाशा पसरायचा. सर्व्हे नंबर शोधा, त्यावर आरक्षण कसलं, म्हणजे जागा मैदानासाठी राखलीय की शाळेसाठी, ते वाचा, पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. मग त्याच १९६६च्या कायद्यातलं कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत पालिका हलली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि मैदान गेलं. सूचना आवक-जावक रजिस्टरात चढते आणि घड्याळ सुरू होतं, सभागृहाला पत्ताही नसतो. ज्या सदस्याला हे कलम माहीत आहे, तो पुढच्याच सभेत विचारेल: अशा किती सूचना पडून आहेत, भूसंपादनाची तरतूद कुठे आहे? एवढा प्रश्न विचारायला एम.प्लॅन.ची (नियोजनातली पदव्युत्तर) पदवी लागत नाही, तो सुचायला मात्र कोणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

‘गावात कसलं आलंय नियोजन!’ २०२१मध्ये राज्य सरकारने ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या बांधकामासाठी नगररचनाकाराच्या परवानगीची गरज काढून टाकली. म्हणजे निर्णय गावात आलेलाच आहे. १ जानेवारी १९९५ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पासची अट घातली, ठीक. पण इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडायची, ते सामासिक अंतर सातवीच्या पुस्तकात नसतं.

‘शिकवलं तरी आरक्षणं उठतातच.’ खरं आहे. हाव प्रशिक्षणाने जात नाही. जाते ती ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब. कोणत्या सदस्याने काय प्रशिक्षण घेतलं, याची यादी पालिकेच्या फलकावर लावली, तर ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्याला ही सबब सांगता येणार नाही.

शेवटचा मुद्दा, ‘या कार्यकर्त्यांना निवडून दिलं कोणी?’ कोणीच नाही, आणि गरजही नाही. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर ठरलेल्या मुदतीत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. पोस्ट पाठवणारेसुद्धा.