बंगळुरूच्या ब्रुअऱ्या कशा ‘कराव्यात’

बंगळुरूला जायचं ठरलंय? उत्तम. तिकिटं काढायच्या आधी एक्सेल शीट उघडा. आमच्यातल्या एकाने उघडली होती. दोन दिवस, सात ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर तिथेच बनवून तिथेच पाजणाऱ्या जागा, आणि प्रत्येकीसमोर ‘७५ मि.’ असा रकाना. अष्टविनायकाच्या बसचा मॅनेजर शोभला असता पठ्ठ्या. आम्ही पुण्याचे चौघे, सगळे पंचेचाळिशीच्या अल्याडपल्याड, त्या शीटमागे निमूट गेलो. परत आल्यापासून मी गप्पच होतो. पण काल त्याने ‘सातही डन’ म्हणून फोटो टाकले आणि खाली वीस जणांनी लिहिलं, “यादी पाठव ना!” तर हे त्या वीस जणांसाठी आणि तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट, नकाशा बघू नका. दुपारी व्हाइटफील्डला विंडमिल्स, तिथून हेन्नूरला बिग ब्रुस्की, तिथून इंदिरानगरात टॉइट, रात्री मॅग्रथ रोडवर आर्बर. शीटमध्ये या चारही ओळी कशा एकाखाली एक, चिकटून बसतात! शनिवारी संध्याकाळी त्यांच्या मधे बंगळुरू नावाचं शहर येतं, हे शीटला माहीत नसतं. दोन दिवसांतले साडेसहा तास आम्ही टॅक्सीत काढले. त्यातला बराचसा वेळ एकाच फ्लायओव्हरखाली.

निवड करताना फक्त तारे मोजा. मजकूर वाचायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो. एका ठिकाणाला एक तारा, कारण काय, तर ‘बिअरला केळ्याचा वास येतो, शिळी असावी’. अहो, ती हेफेवाइझन होती. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो आणि तो यायलाच हवा, आत कोणी वेलची केळी कुस्करून टाकलेली नसतात. दुसऱ्या एकाने आयपीए, म्हणजे मुळातच कडू असणारी बिअर, कडू लागली म्हणून दोन तारे दिलेले. ही माणसं भाजीवाल्याला कारलीही परत करत असतील. यांच्या सरासरीवर तुम्ही सुट्टी आखा.

लाँग वीकेंड शक्यतो २ ऑक्टोबरला जोडून घ्या. अजिबात गर्दी नसते.

आपल्या गावात कधीही बिअर पिऊ नका. पुण्यात डूलाली ही ब्रुअरी २००९ साली सुरू झाली, तेव्हा बंगळुरूत टॉइट उघडायचीसुद्धा होती. पण पुण्यात काढलेल्या फोटोला कोण विचारतो?

आता मुख्य. शनिवारी रात्री साडेआठला पोहोचा. कुठे ते विचारू नका, नाव सांगणार नाही. दारातला मुलगा आधी तुमच्याकडे, मग तुमच्या मागे बघतो. “फोर जेन्ट्स, सर? स्टॅग एन्ट्री नाही.” आमच्यातल्या एकाच्या खिशात ॲसिडिटीची गोळी, दुसऱ्याच्या डोळ्यांवर बायफोकल. आम्ही असा काय धुडगूस घालणार होतो? मग पंधरा मिनिटांनी कव्हर चार्ज घेऊन तीच एन्ट्री उघडते. त्यानंतर तासभर वेटिंग. मग टेबल, स्पीकरच्या बरोबर खाली. मेन्यू मागितला तर क्यूआर. अंधारात तो स्कॅन होत नाही, म्हणून एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने फोन.

समोर फळा. फळ्यावर सुरेख खडूने आठ बिअरची नावं. काचेमागे टाक्या चकाकतायत. वाटलं, चला, आलो त्याचं सार्थक झालं. लागर? “नाही सर.” स्टाउट? “संपली.” आयपीए? “मंडेला येईल.” आठातल्या दोन होत्या. एक विट, म्हणजे गव्हाचीच बिअर, दुसरी मँगो घातलेली. घरी देवगडची पेटी उघडून ठेवून आलेला माणूस मी, आणि साडेआठशे किलोमीटरवर येऊन चारशेच्या वर रुपये मोजून आंब्याच्या इसेन्सचा वास घेतोय.

संपली याचा राग नाही हो! एल प्रकारची बिअर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, लागर प्रकारच्या बिअरला चार ते सहा. टाक्या मोजक्या असतात. एखादी बिअर संपणं हा गुन्हा नाही, उलट ती इथेच करतात याची खूण आहे. पण मग फळा पुसा ना! खडूच आहे तो, ओल्या फडक्याने जातो. आठ नावं लिहून दोन पाजायच्या हा कुठला धंदा? वेटरला विचारलं, ही कधी टॅप केली, म्हणजे नळाला कधी लावली? तर म्हणे, “सर, एकदम फ्रेश.” आमची कोळीण निदान कल्ला उचलून दाखवते.

हां, सॅम्पलर विसरलोच. सगळीकडे सॅम्पलरच मागवा. फळीवरचे सहा छोटे ग्लास प्रत्येक कोनातून टिपून होईपर्यंत बिअर छान कोमट होते.

बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला तर मुकाट्याने भरा. तो बिलात आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय. पण मित्रांसमोर कंजूष कोण दिसणार? मीही दिसलो नाही.

आणि ते संगीत. ढॅण ढॅण ढॅण, छातीत. त्या टेबलावर एक मित्र माझ्याकडे वाकून काहीतरी बोलला. मला ‘नोकरी’ एवढाच शब्द ऐकू आला. म्हटलं, बढती झाली असेल. मी अंगठा वर करून ओरडलो, “मस्त!” त्यानेही मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या फ्लायओव्हरखाली कळलं की त्याची नोकरी गेलीय, दोन महिने झाले, आणि घराबाहेर त्याने पहिल्यांदा मला सांगितलं होतं.

हे कळलं तेव्हा आम्ही पाचव्या ब्रुअरीकडे निघालो होतो. आणि गेलो. पाचव्या, सहाव्या, सातव्या, सगळ्या केल्या, कारण शीटमध्ये होत्या. कोणीही म्हणालं नाही की थांब, इथेच उतरू, कुठेतरी बसून चहा पिऊ. मीसुद्धा नाही.

बास झालं. गंमत करायला बसलो होतो, आता नाही जमत. अरे, काय चाललंय हे? चार माणसं वर्षातून एकदा भेटतात ती काय ७५-७५ मिनिटांत रकाने भरायला? एक जागा निवडा. फार तर दोन, त्याही चालत जाता येईल अशा. मधल्या वारी जा, दुपारी जा, तेव्हा स्पीकर झोपलेला असतो आणि टाक्यांशी काम करणारा माणूस भेटायची शक्यता असते. जायच्या आधी फोन करून विचारा की आज टॅपवर खरंच काय आहे. बिनधास्त ‘सगळं आहे’ म्हणाला तर दुसरीकडे जा. ब्रुअरीवाल्यांनो, फळा पुसा आणि तो आवाज कमी करा. नाचायला आलेल्यांसाठी अख्खं शहर मोकळं आहे, बिअर प्यायला आलेल्यांना निदान एक कोपरा ठेवा.

आणि तुम्ही वीस जण, यादी मागू नका. शीट माझ्याही फोनमध्ये आहे, सातही नावं, वेळा, तारे, सगळं. पाठवणार नाही.